चष्म्याचे प्रसंगावधान

एखाद्या घरी मृत्यू घडला असता समाचारास येणारी माणसे दोन प्रकारची असतात. काही माणसे उंबरा ओलांडताच घराची स्थिती ओळखतात. कोणाशी बोलावे, कोणाजवळ नुसते बसावे, कोणाच्या हाती पाण्याचे भांडे द्यावे, आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या धाकट्या मुलास बाहेर फिरावयास केव्हा न्यावे, हे त्यांस कोणी सांगावे लागत नाही. दुसरी माणसे येतात ती आजार केव्हा सुरू झाला, औषध कोणाचे होते, विम्याचे कागद कोठे आहेत, अशी चौकशी आरंभितात. या दुसऱ्यांस माहिती कमी असते म्हणावे तर तसेही नाही. पुष्कळदा तीच अधिक माहितगार असतात. त्यांच्या ठिकाणी जे उणे असते त्यास आपल्या भाषेत प्रसंगावधान असे नाव आहे.

हा शब्द हल्ली संकटसमयी सुचलेल्या युक्तीपुरताच वापरला जातो. विहिरीत पडलेल्या मुलास कोणी दोर टाकून वर काढिले, की ‘प्रसंगावधान दाखविले’ असे वर्तमानपत्र लिहिते. परंतु शब्दाची फोड करून पाहिली तर त्यात युक्ती कोठेच नाही. अवधान म्हणजे लक्ष. प्रसंगाकडे असलेले लक्ष ते प्रसंगावधान. युक्ती त्या लक्षातून मागाहून निघते. अकराव्या शतकात काश्मिरात क्षेमेंद्राने काव्याचा प्राण औचित्यात आहे असे मांडिले आणि अलंकार कितीही मोलाचा असला तरी अस्थानी पडल्यास तो हास्यास पात्र होतो हे दाखवून दिले. कमरपट्टा गळ्यात बांधून कोणास शोभा येत नाही. काव्यास जो नियम तोच माणसाच्या बोलण्याचालण्यास. स्थान ओळखणे ही पहिली गोष्ट. बाकीच्या सर्व तिच्या मागून येतात.

हा गुण आता चष्म्यास शिकविण्याचा उद्योग जगात चालू आहे, आणि त्याविषयी चार शब्द लिहावे असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते.

ज्या चष्म्याविषयी आम्ही बोलत आहोत तो दृष्टीचा दोष घालविणारा नव्हे. त्यातून समोरचे जग दिसतेच, परंतु त्या जगावर अक्षरे, बाण आणि चित्रेही उमटतात: रस्त्यावर वाटेची खूण, परकीय भाषेतील पाटीवर तिचे भाषांतर, यंत्राच्या पेचाशेजारी तो कोणत्या दिशेने फिरवावा याची सूचना. इंग्रजीत यास ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. मराठीत संवर्धित वास्तव असा शब्द रूढ होत आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच ज्याची चर्चा केली त्या अध्यासाची, म्हणजे एका वस्तूवर दुसरीच्या धर्माचा आरोप करण्याची, येथे कोणासही आठवण व्हावी. फरक इतकाच, की दोरीवर साप पाहणारास आपण फसलो हे ठाऊक नसते, आणि चष्मा घालणाऱ्याने हा आरोप पैसे देऊन विकत घेतलेला असतो.

कल्पना नवीन नाही. आयव्हन सदरलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली अशा एका शिरोयंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. ते इतके अवजड होते, की छताला टांगावे लागे, आणि त्यातून दिसे काय, तर खोलीच्या पोकळीत तरंगणारी रेघांची आकृती. पुढे बोइंग कंपनीत विमानांच्या तारांचे जुडगे मोठ्या फळ्यांवर बांधणाऱ्या कामगारांस कोणती तार कोठून न्यावयाची हे डोळ्यांपुढे दाखवावे, या हेतूने टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनी १९९२ साली एक निबंध लिहिला. या विद्येचे आजचे नाव तेथून प्रचारात आले. दुसऱ्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फाइनर आणि त्यांचे सहकारी यांनी छपाईयंत्राची देखभाल शिकविणारे शिरोयंत्र तयार केले. पाहणारा कोठे उभा आहे हे जाणून कोणती आकृती केव्हा काढावी हे ते यंत्र आपले आपण ठरवी. आमच्या विषयाचा उगम येथे आहे. दाखविणे हे काम यंत्राकडे पूर्वीच गेले होते. काय दाखवावे याची निवडही आता त्याच्याकडे गेली.

ही निवड यंत्राने का करावी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे, कारण या विद्येचे जाणते उपासक काही लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकावयास बसलेले नाहीत. त्यांची अडचण खरी आहे. वैमानिकापुढील काचेवर वेग, उंची, दिशा ही सर्व माहिती उमटविण्याची सोय फार जुनी आहे. मान खाली घालून घड्याळे पाहावी लागू नयेत हा तिचा हेतू. नासाने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वैमानिकांस कृत्रिम विमानकक्षात बसवून धावपट्टीवर उतरावयास लाविले आणि मध्येच त्या धावपट्टीवर दुसरे विमान आणून उभे केले. काचेवरील आकडे पाहून उतरणाऱ्यांपैकी काही अनुभवी वैमानिकांस ते विमान दिसलेच नाही. ते डोळ्यांसमोर होते, आकड्यांच्या मागेच होते. परंतु दृष्टी आकड्यांवर थबकली ती पलीकडे गेली नाही. काचेवर सर्व काही सर्वकाळ दाखविणे हा असा जिवावरचा खेळ आहे. म्हणून काचेने वेळ पाहून दाखवावे व वेळ पाहून गप्प बसावे, चालणारास दोन शब्द व बसलेल्यास दहा ओळी द्याव्या, रस्ता ओलांडताना आलेला निरोप पलीकडच्या पदपथापर्यंत दाबून धरावा, असा विचार निघाला. मार्क वायझर यांनी १९९१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात उत्तम यंत्र ते, जे वापरता वापरता जाणिवेतून नाहीसे होते, असे प्रतिपादन केले होते. नम्र सेवकाचे हे वर्णन ऐकून कोणासही बरे वाटेल. आम्हांसही वाटते.

परंतु वेळ पाहणे म्हणजे काय पाहणे? येथून अडचणीस आरंभ होतो. १९९४ सालापासून संगणकशास्त्रात ज्यास ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणतात त्याची अनेकांनी व्याख्या केली. पुष्कळांच्या मते तो माहितीचाच एक प्रकार आहे: माणूस कोठे आहे, किती वाजले, जवळ कोण आहे, तो चालतो की बसला आहे. अनिंद डे यांनी २००१ साली केलेली व्याख्याही, ती पुष्कळ व्यापक असली तरी, माहितीचीच आहे. पॉल डुरिश यांनी २००४ साली यावर आक्षेप घेतला, आणि आमचे मते तो मूलग्राही आहे. प्रसंग हा भोवती आधीच मांडून ठेविलेला देखावा नव्हे. माणसे जे करीत असतात त्यातून तो घडतो व क्षणोक्षणी बदलतो, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य. मराठी माणसास हे पटावयास वेळ लागू नये. स्थळ आणि काळ मोजता येतात, प्रसंग घडतो. एकाच दिवाणखान्यात, त्याच माणसांत, त्याच घटकेस, एका वाक्याने साखरपुड्याचे भांडण होऊ शकते.

स्थळ कळले आणि प्रसंग कळला नाही म्हणजे काय होते याचे उदाहरण २०१६ साली साऱ्या जगाने पाहिले. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात पोकेमॉन गो नावाचा खेळ निघाला. हातातील फोनच्या पडद्यावर समोरचा खराखुरा रस्ता दिसावा, त्यावर काल्पनिक प्राणी उभे राहावे आणि खेळणाऱ्याने ते पकडीत हिंडावे, असा तो खेळ. खेळाची ठाणी म्हणून गावोगावची शिल्पे, स्मारके, प्रेक्षणीय जागा निवडल्या होत्या. माणसांनी चालत जाऊन पाहण्याजोगी ही ठिकाणे, हा विचार त्यामागे होता व तो वाईट नव्हता. परंतु त्यामुळेच वॉशिंग्टन येथील ज्यूंच्या संहाराच्या स्मारक-संग्रहालयात आणि पोलंडमधील आउश्विट्झ येथे लोक प्राणी पकडू लागले. त्या संस्थांस, येथे हे करू नका, अशी विनंती करावी लागली. हिरोशिमाच्या शांतिस्मारकाच्या उद्यानातील ठाणी तेथील अधिकाऱ्यांच्या मागणीवरून ६ ऑगस्टच्या स्मरणसमारंभापूर्वी काढून टाकण्यात आली. येथे यंत्राची चूक झाली असे म्हणता येत नाही. अक्षांश-रेखांश बिनचूक होते, स्मारक हे स्मारक म्हणूनच नोंदलेले होते. इतके सर्व बरोबर असून जे चुकले ते त्या नोंदीत मावणारे नव्हते.

यावर कोणी म्हणेल, की हे यंत्राचे बालपण होते. आता नोंदी अधिक सूक्ष्म झाल्या आहेत, उद्या याहून होतील. होतील, हे आम्हांस मान्य आहे. स्मशानांची, देवळांची, रुग्णालयांची यादी करून तेथे खेळ बंद ठेविणे काही कठीण नाही. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. यंत्रास प्रसंग पुष्कळ अंशी बरोबर ओळखता येऊ लागला, तर तो ओळखण्याचे काम त्याच्यावर सोपवावे काय?

काही कामांत खुशाल सोपवावे. बोइंगच्या कामगारास तार कोठे न्यावयाची हे त्याने ठरवावयाचे नसते. ते आराखड्यात ठरलेले असते. तेथे चष्म्याने बरोबर वेळी बरोबर रेघ दाखविली तर त्याचे श्रम वाचतात व चूक टळते. साध्य ठरलेले आहे, साधनापुरते साह्य हवे आहे, अशा ठिकाणी या विद्येचे आम्ही स्वागतच करितो. दुसरे एक उदाहरण आम्हांस याहून हृद्य वाटते. समोरच्याचे बोलणे ऐकून ते काचेवर अक्षरांत उमटविणारे चष्मे निघाले आहेत. पंगतीत सर्वांचे हसणे संपल्यावर ‘काय झाले रे?’ म्हणून विचारणारे, आणि ‘काही नाही, आजोबा’ या उत्तरावर समाधान मानणारे वृद्ध गृहस्थ आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले असतील. अशा आजोबांस तो चष्मा प्रसंगापासून दूर नेत नाही. तो त्यांस प्रसंगात आणून बसवितो. या चष्म्यांवर सरसकट कोरडे ओढणाऱ्या विद्वानांनी एकदा त्या आजोबांच्या शेजारच्या पाटावर बसून पाहावे.

परंतु आयुष्यातील सर्वच कामे तारांच्या जुडग्यासारखी नसतात. पुष्कळ ठिकाणी काय करावयाचे हे आधी ठरलेले नसून ते पाहण्यातूनच सापडावयाचे असते. आयरिस मर्डॉक या तत्त्वज्ञ लेखिकेने १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द सॉव्हरेन्टी ऑफ गुड’ या पुस्तकात यासाठी जे उदाहरण घेतले आहे ते वाचून आमच्या घरांतील कोणी ते त्यांस पुरविले की काय असे वाटते. एक सासू आहे. सून तिला पसंत नाही. ती उथळ, अघळपघळ, मुलाच्या योग्यतेची नव्हे असे तिला वाटते. सासू कुलीन आहे, सुनेशी तिचे वर्तन निर्दोष आहे. बाहेरून पाहणारास काहीच दिसणार नाही. पुढे केव्हातरी तिच्या मनात येते, की मी जुन्या वळणाची आहे, कदाचित मत्सरीही असेन. पुन्हा एकदा पाहू या. आणि ती पाहते. हळूहळू उथळपणा होता तेथे मोकळेपणा दिसू लागतो, पोरकटपणा होता तेथे तारुण्याचा आनंद. बाह्य वर्तनात तिळमात्र फरक पडलेला नाही. तरी या बाईने काही केले नाही असे कोण म्हणेल? मर्डॉक यांच्या मते तिने जे केले तेच नीतीचे मुख्य कार्य होय. आम्ही त्यांच्याशी सहमत आहोत. सत्कृत्याचा निर्णय हात उचलण्याच्या क्षणी होतो असे समजण्याची आपणांस सवय आहे. तो बहुधा त्यापूर्वी, डोळे उचलतानाच होऊन गेलेला असतो.

आता या सासूबाईंच्या डोळ्यांवर आपल्या विषयातील चष्मा ठेवून पाहावा. हा चष्मा वापरणाराच्या सवयी शिकतो. त्याची दृष्टी कोठे रेंगाळते व कोठून घसरते यावरून त्यास काय महत्त्वाचे हे अनुमानितो. २०१९ चा मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ आणि २०२४ चा ॲपलचा व्हिजन प्रो या दोन्ही शिरोयंत्रांत डोळ्यांच्या हालचाली टिपण्याची सोय आहे. ही यंत्रे त्या हालचालींवरून आपल्या जगाची काटछाट करितात असा आमचा आरोप नाही; साधन तयार आहे, एवढेच आम्ही सांगतो. अशा चष्म्यास सासूबाईंची पहिली दृष्टी फार लवकर कळेल. दुसरी कधीच कळणार नाही, कारण ती सवयीविरुद्ध उठलेली आहे. जो काल पाहिले त्यावरून आज दाखवितो, त्याच्याजवळ ‘पुन्हा पाहू या’ या शब्दांस जागा नाही. आणि तो जितका अधिक कुशल, जितका अधिक आज्ञाधारक, तितकी ती जागा अधिक लहान. चुकणाऱ्या यंत्राहून न चुकणाऱ्या यंत्राची आम्हांस अधिक धास्ती वाटते ती यासाठी.

सासूचे उदाहरण घरातले झाले. रस्त्यावर याहून कठोर गोष्टी आहेत. पहाटे रस्ता झाडणारी बाई, चौकात गाडीच्या काचेशी आलेले पोर, मजुरांच्या अड्ड्यावर कामाची वाट पाहत उभे असलेले लोक, यांवरून आमची दृष्टी रोज घसरते. हे कबूल करण्यास आम्हांस लाज वाटते, परंतु ते खरे आहे. ही घसरण टिपून घेणारा चष्मा त्यावरून काय शिकेल? ही माणसे यांच्या प्रसंगात मोडत नाहीत, इतकेच. समोरील नको असलेली वस्तू काढून तिच्या जागी मागची भिंत किंवा झाड भरून देण्याची विद्याही आज आहे. तिला डिमिनिश्ड रिॲलिटी असे नावसुद्धा आहे. परंतु पुसण्याचे कष्ट घेण्याचीही गरज नाही. इतर सर्व गोष्टींवर नावे, बाण आणि खुणा उमटल्या व एका माणसावर काहीच उमटले नाही, की धावपट्टीवरच्या त्या विमानासारखा तो माणूस डोळ्यांसमोर असून नाहीसा होतो.

येथे एक मोठा आक्षेप येतो, आणि तो आम्ही स्वतःच घेतो. रूढी हा असाच चष्मा नव्हता काय? कोणाची सावली पाहावयाची, कोणाकडे पाहून न पाहिल्यासारखे करावयाचे, हे आमच्या पूर्वजांस कोणत्या यंत्राने शिकविले नव्हते. त्यांच्या डोळ्यांवरची काच पिढ्यान्‌पिढ्या इतकी जुनी होती की ती काच आहे हेच कोणास ठाऊक नव्हते. मग एका नव्या काचेचा एवढा बाऊ कशासाठी? आक्षेप खरा आहे. ज्यांच्यावर ती जुनी काच चालली त्यांच्यापुढे नव्या काचेचे भय सांगताना जपूनच बोलले पाहिजे. तथापि दोहोंत एक भेद आहे. रूढीची काच सर्वांस एकच होती, व म्हणूनच ती सर्वांदेखत फोडता आली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी पाणी प्याले तेव्हा ते तळे दोन्ही पक्षांस एकच दिसत होते. ते पाणी प्याले हे विरोधकांसही पाहावे लागले. न पाहण्याची सोय नव्हती. वाद, संताप, लाज आणि पुढे झालेला पालट, सर्वांचा पाया त्या एका दिसण्यात होता. ज्या दिवशी प्रत्येकाचा चष्मा ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे रस्ता दाखवील, त्या दिवशी एका बाकावर बसलेल्या दोन मित्रांस दोन रस्ते दिसतील. ‘तू पाहिलेस का?’ हा प्रश्न एकाने दुसऱ्यास विचारावा आणि दुसऱ्याने चपापून मान वळवावी, यातून माणसाची दृष्टी आजवर जितकी सुधारली तितकी ती ग्रंथांनी सुधारलेली नाही. तो प्रश्न विचारण्यास दोघांपुढे एकच रस्ता लागतो.

मग करावे काय? चष्मे थांबणार नाहीत, आणि ते थांबवावे असे आम्ही म्हणतही नाही. ज्यांच्या हाती त्यांची रचना आहे त्यांच्यापैकीच काहींनी मार्ग दाखविला आहे. व्हिक्टोरिया बेलॉटी व कीथ एडवर्ड्स यांनी २००१ साली असे लिहिले, की प्रसंग ओळखू पाहणाऱ्या यंत्राने आपणास काय ठाऊक आहे, ते कशावरून ठाऊक झाले व त्यावरून आपण काय करीत आहो, हे वापरणारास उघड सांगितले पाहिजे. आणि जेथे माणसामाणसांचा संबंध येतो तेथे निर्णय माणसाकडे सोडिला पाहिजे. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर, ‘तुम्ही घाईत आहात असे समजून मी तीन गोष्टी झाकल्या आहेत’ असे चष्म्याने बोलले पाहिजे. वायझर यांच्या अदृश्य सेवकाशी हे जुळत नाही, हे आम्हांस दिसते. पण जो सेवक धन्याच्या नकळत पाहुण्यांस दारातून परत पाठवितो त्यास आपण नम्र म्हणत नाही. शिवाय सवयीविरुद्ध पाहण्याची वाट मोकळी असावी: काच कोरी करण्यास एका बोटाहून अधिक श्रम पडू नयेत, आणि दिवसाचा काही भाग ती कोरी असणे हाच नियम असावा. न वापरलेली शक्ती गंजते हे सांगावयास शास्त्राची गरज नाही. तरी मॉन्ट्रियल येथील दोन संशोधिकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा अभ्यासात वाट दाखविणाऱ्या यंत्रावर अधिक विसंबणाऱ्यांची स्वतः वाट लक्षात ठेवण्याची शक्ती कमी आढळली, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. रस्ता विसरला तर विचारता येतो.

आता पुन्हा त्या समाचाराच्या घरी जाऊ. समजा, आमच्याजवळ उत्तमातला उत्तम चष्मा आहे. दारात चपलांची गर्दी, आतले दबके बोलणे, हळू पडणारी आमची पावले, यांवरून त्याने घरातील स्थिती बिनचूक ओळखली, आणि आम्ही आत जाताच स्वतः होऊन काच कोरी केली. एक अक्षर नाही, एक बाण नाही. ज्यांनी तो घडविला त्यांस याहून सरस कामगिरी दाखविता येणार नाही, आणि कोपऱ्यातल्या त्या मुलासही त्यापासून काही उपद्रव नाही. तरीसुद्धा आम्हांस वाटते, की येथे त्याने काही करू नये. अशा घरात शिरताना माणूस चपला काढतो, पावले आवरतो, आवाज उतरवितो. आणि हे करता करता, त्या चार क्षणांत, आपण कोठे आलो हे त्यास उमगत जाते. आमचा हात आमच्या मनाने चष्म्याकडे जाईल, तो काढून खिशात ठेवील, एवढा वेळ त्याने उंबऱ्यावर थांबावे. कोणी तो काढावयास विसरेलही. विसरल्यास ते त्या मुलास दिसेल, आणि कदाचित मागून येणारी एखादी वडीलधारी बाई त्याच्या खांद्यास हात लावून ते त्यास सांगेल.